आशूगाचा आवाज

गोष्ट काय आहे यापेक्षा ती सांगतो कोण, याकडे माझे लक्ष आधी जाते. कवीची खोड म्हणा. आर्मेनियन कादंबरी तर याच प्रश्नातून जन्मली.

खाचातुर अबोव्यान हा येरेवानजवळच्या कानाकेर गावचा, दोर्पात विद्यापीठात शिकून आलेला शिक्षक. त्या काळी आर्मेनियन पुस्तके बहुधा ‘ग्राबार’ या जुन्या ग्रंथभाषेत लिहिली जात. ती पाद्र्यांना कळे, शेतकऱ्याला नाही. लोक पुस्तकाकडे फिरकत नसत, पण आशूग गाऊ लागला की भान हरपून ऐकत. आशूग म्हणजे वाद्यावर गात गोष्टी सांगणारा लोककवी. आपल्या ‘आशिक’चाच हा भाऊ, मूळ अरबी. अबोव्यानने ठरवले, आपला निवेदक असाच बोलेल.

१८४१ मध्ये त्याने गावच्या बोलीत ‘आर्मेनियाच्या जखमा’ लिहिली. इराणी सरदाराचे शिपाई एका मुलीला उचलून न्यायला येतात, तरुण आगासी त्यांना आडवा होतो आणि पुढे रशिया-इराण युद्ध (१८२६-२८) पेटते. निवेदक मध्येच कथा सोडून विलाप करतो, वाचकाला हाका मारतो. शहाण्या समीक्षकाला हा पसारा वाटेल; मला तो बाजारात उभा राहून बोलणारा माणूस वाटतो. अबोव्यानला मात्र हे पुस्तक छापलेले पाहता आले नाही. १८४८ मध्ये तो घराबाहेर पडला तो परतलाच नाही. पुस्तक निघाले १८५८ मध्ये.

त्यातले शिपाई माझ्या धर्माचे. वाचताना मी अडखळलो, खोटे कशाला बोलू? पण ज्याच्या घरातून मुलगी ओढून न्यायची, त्याने गोष्ट सांगायची तरी कुणाच्या बाजूने?

मात्र ‘आम्ही’ म्हणून बोलणाऱ्याला आपल्याच माणसांच्या चुका दाखवता येतात का? गुर्गेन माहारीने ते केले. वान शहरात जन्मलेला हा लेखक १९१५ च्या संहारात पोरवयात निर्वासित झाला. पुढे स्टालिनच्या काळात सायबेरियाही भोगून आला. त्याची ‘जळत्या बागा’ १९६६ मध्ये आली. वानमधल्या एका व्यापारी कुटुंबाची ती कथा. तिचा निवेदक विलाप करत नाही, मिश्कीलपणे बोलतो आणि आर्मेनियन क्रांतिकारक पुढाऱ्यांनाही सोडत नाही. ज्यांची घरेदारे तिथे राख झाली होती, त्यांना हा सूर सहन झाला नाही. लोकांनी पुस्तकाच्या प्रती जाळल्या. थकलेला माहारी तीच कादंबरी बदलून लिहायला बसला. १९६९ मध्ये तो गेला.