लॅपटॉपमधील दोन ड्राइव्ह : साठवणुकीची व्यवस्था

एकाच लॅपटॉपमध्ये दोन स्वतंत्र ड्राइव्ह असताना ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्राम आणि कामाच्या फायली त्यांच्यावर वाटून ठेवण्याची पद्धत. बहुधा एक ड्राइव्ह लहान पण वेगवान एसएसडी असतो आणि दुसरी मोठी पण संथ हार्डडिस्क. १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्डडिस्क ही जोडी २०२० च्या आसपासच्या लॅपटॉपांत सर्रास आढळते. त्याआधीच्या लॅपटॉपांत डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत दुसरी डिस्क बसवून घेत. कॅडी ९.५ मिमी जाडीची लागते की १२.७, हे आधी मोजावे लागे.

लॅपटॉपमधल्या हार्डडिस्कच्या चकत्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी मजकूर देतात. साटा जोडणीची एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते आणि एनव्हीएमई जातीची त्याच्या कितीतरी पुढे. पण रोजच्या वापरात खरा फरक पडतो तो विखुरलेल्या बारीक फायली वाचताना. हार्डडिस्कला प्रत्येक फाइलसाठी वाचक शीर्ष हलवावे लागते, एसएसडीत हलणारा भागच नसतो. विंडोज सुरू होताना किंवा एखादा मोठा प्रोग्राम उघडताना अशा हजारो फायली वाचल्या जातात, म्हणून सिस्टीम आणि प्रोग्राम एसएसडीवर असावेत. चित्रफिती, छायाचित्रे, जुने प्रकल्प हार्डडिस्कवर ठेवल्याने फारसे काही बिघडत नाही.

ही वाटणी किती लवकर गरजेची होते, याचे उदाहरण हरियाणातील मानेसरला सापडते. तिथेच केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे मेंदूच्या एमआरआय चित्रणावर संशोधन चालते. अशा चित्रणाच्या विश्लेषणासाठी जगभर वापरला जाणारा एसपीएम हा प्रोग्राम प्रत्येक टप्प्याला नवी फाइल लिहितो. डोक्याची हालचाल दुरुस्त केली की नावाआधी ‘आर’ लागतो, प्रमाण मेंदूवर बसवली की ‘डब्ल्यू’, गुळगुळीत केली की ‘एस’. म्हणजे एका माणसाच्या एका चित्रणाच्या तीन-चार आवृत्त्या शेजारी शेजारी साठतात. असे वीस-तीस जणांचे काम हाती असलेल्या विद्यार्थ्याची २५६ जीबीची एसएसडी बघता बघता भरते. त्याने मूळ चित्रणे हार्डडिस्कवर ठेवावीत, चालू टप्पा एसएसडीवर करावा, आणि मधल्या फायली पुन्हा तयार करता येतात हे लक्षात ठेवून त्या निःशंकपणे पुसाव्यात. मोटारीच्या चाचण्यांची मोजमापे हाताळणाऱ्यालाही, मग तो मानेसरच्या आयकॅट या वाहनचाचणी संस्थेतला असो की पुण्याच्या एआरएआय या तशाच संस्थेतला, हाच हिशेब लागू पडतो.

आपल्याकडे सर्वात मोठा घोळ सी आणि डी या अक्षरांचा आहे. दुकानदार एकाच डिस्कचे दोन भाग पाडून देतो आणि घेणाऱ्याला वाटते की आपल्याकडे दोन डिस्क आहेत. प्रत्यक्षात ते एका डिस्कचे दोन पार्टिशन असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात आणि वेगातही काही फरक पडत नाही. खरोखर दोन डिस्क असतील तर विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडल्यास ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ अशा वेगळ्या ओळी दिसतात. पुढचे काहीही ठरवण्याआधी ही खात्री करावी. १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या.

वाटणीचे काम अर्ध्या तासाचे आहे. दुसऱ्या ड्राइव्हवर आधी ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’, ‘व्हिडिओज’ असे स्वतंत्र फोल्डर करावेत. मग सीवरील मूळ फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ या भागात जाऊन नवा पत्ता द्यावा, विंडोज आतला मजकूर स्वतः हलवते. पत्ता म्हणून नुसता डी ड्राइव्ह देऊ नये. मग सगळा ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ होऊन बसतो आणि ते निस्तरणे जिकिरीचे असते. वनड्राइव्ह या फोल्डरांची प्रत ठेवत असेल तर ते आधी थांबवावे. ‘विंडोज’, ‘प्रोग्राम फाइल्स’ आणि ‘ॲपडेटा’ हे फोल्डर हाताने कधीही हलवू नयेत.

माउसने फाइल ओढताना एक गोष्ट हमखास निसटते. एकाच ड्राइव्हवर फाइल ओढली तर ती हलते, पण दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर तिची नक्कल होते. सी तसाच भरलेला राहतो, आणि महिन्याभराने एका प्रतीत दुरुस्त्या असतात तर दुसरीत नसतात. शिफ्ट दाबून ओढल्यास फाइल खरोखर हलते.

तरीही सी भरत असेल तर हायबरनेशनची फाइल पाहावी. ती रॅमच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जागा घेते. हायबरनेट वापरत नसल्यास ती बंद करता येते. एसएसडीवर थोडी जागा कायम मोकळी ठेवावी, काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते.

मराठीत फायलींना नावे देणाऱ्यांनी, आणि ती द्यावीतच, एक मर्यादा जाणून घ्यावी. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत नाव २५५ अक्षरचिन्हांपर्यंत चालते. लिनक्सच्या एक्स्ट४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून तिथे ८५ चिन्हांवर नाव संपते. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. लांबलचक शीर्षकाची फाइल लिनक्सच्या ड्राइव्हवर जाईना, तर कारण बहुधा हेच असते.

दोन ड्राइव्ह जोडून एकच मोठा ड्राइव्ह करण्याची सोयही विंडोजमध्ये आहे. लॅपटॉपवर ती वापरू नये. दोहोंतला कोणताही एक बिघडला की सगळा मजकूर धोक्यात येतो, आणि एसएसडीच्या वेगाचा फायदाही बुडतो.

दुसरा ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. सीवरच्या कामाची प्रत डीवर असेल तर एक डिस्क बिघडल्यावर ती उपयोगी पडते, पण लॅपटॉप चोरीला गेला, त्यावर पाणी सांडले किंवा खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्ही ड्राइव्ह एकदमच हातचे जातात. हार्डडिस्क मरण्याआधी पुष्कळदा कटकट आवाज करते किंवा रखडते. एसएसडी बऱ्याचदा कोणतीही सूचना न देता बंद पडते. बिटलॉकर चालू असेल तर ड्राइव्ह काढून दुसऱ्या यंत्राला जोडल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, ती कागदावर लिहून घरी ठेवावी. आणि प्रबंध, कुटुंबाची छायाचित्रे, हिशेब यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता दुसऱ्या जागी ठेवावी.