पाच गावे आणि एक लोहमार्ग

परराष्ट्रात नेमणूक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी पत्राने विचारणा केली होती. रजेचे चार दिवस इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर, चिंक्वे तेर्रे येथे घालवावयाचे आहेत. तर जेनोवाहून भाड्याची मोटार घ्यावी की आगगाडीने जावे? प्रश्न दोन ओळींचा होता. उत्तर लिहावयास बसलो तेव्हा मात्र इतिहासात शिरणे भाग पडले आणि पत्र लांबत गेले. त्याच पत्राचा हा विस्तार.

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच भूमी. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावे. येथे डोंगर समुद्रापाशी येऊन थांबत नाही. तो तसाच पाण्यात उतरतो. लेरिची व तुर्बिया यांच्यामधील या किनाऱ्याची दुर्गमता दान्तेच्या काळीही प्रसिद्ध असावी, कारण 'पुर्गातोरिओ'च्या तिसऱ्या सर्गात पर्वताच्या कड्याचे वर्णन करताना त्याने हीच उपमा योजिली आहे. मोठा रस्ताही या गावांच्या वाटेला गेला नाही. आउरेलिया या प्राचीन नावाचा राजमार्ग सेस्त्री लेवान्तेपाशी समुद्राकडे पाठ फिरवितो, सहाशे मीटरांहून उंच असलेली ब्राक्को खिंड चढतो आणि वारा नदीच्या खोऱ्यातून ला स्पेत्सियास उतरतो. पाच गावांस शतकानुशतके दोनच वाटा होत्या: समुद्र आणि खेचरांची पाऊलवाट. तरीही कोर्निल्याच्या मद्याचा उल्लेख बोकाच्चोच्या 'देकामेरोन'मध्ये सापडतो. जेथून बैलगाडीचे चाकही फिरले नाही, तेथील मद्याची कीर्ती मात्र चौदाव्या शतकात फ्लोरेन्सपर्यंत पोहोचली होती.

हे मद्य ज्या द्राक्षांचे, ती पिकतात गडग्यांवर. कोकणातल्या वाचकांस गडगा समजावून सांगावयास नको. चुना-माती न घालता दगडावर दगड रचून उभारलेली ती भिंत. सारा डोंगर अशा गडग्यांनी अडवून त्यामागे ओंजळ-ओंजळ माती भरली आणि अरुंद मजग्यांवर वेली लावल्या. पाऊस पडला की गडगा फुगतो, कोठे तरी ढासळतो आणि तो त्याच हंगामात पुन्हा रचावा लागतो. एका पिढीने हयगय केली की पुढच्या पिढीला डोंगर परत मिळत नाही.

१८६१ साली इटलीचे राज्य एक झाले. ला स्पेत्सियाच्या आखातात आरमाराची भव्य गोदी उभी राहिली आणि १८६९ मध्ये ती सुरू झाली. जेनोवाहून येणारा लोहमार्ग १८७४ मध्ये ला स्पेत्सियापर्यंत पुरा झाला. ब्राक्कोचा चढ टाळण्यासाठी अभियंत्यांनी किनारा धरला आणि कड्यांतून एकामागून एक बोगदे खोदले. दोन बोगद्यांच्या मध्ये जेथे घळ उघडते तेथे रूळ क्षणभर उजेडात येतात; आणि नेमकी त्याच घळींत माणसांनी गावे वसविली होती. आम्हांस तर असे वाटते की राज्याला हवे होते जेनोवा आणि ला स्पेत्सिया. मधली गावे त्या हिशेबात आपोआप आली. काही फलाटांचे एक टोक आजही बोगद्यात आहे, यावरून जागेची अडचण ध्यानात यावी. कोर्निल्या तेवढे सुमारे शंभर मीटर उंचावर राहिले. त्याचे स्थानक खाली, गाव वर.

लोहमार्गाने प्रथम प्रवासी आणले नाहीत. त्याने गावकरी बाहेर नेले. सकाळच्या गाडीने गोदीवर जावे, संध्याकाळी परतावे आणि महिन्याचा पगार घरी आणावा, असा नवा क्रम सुरू झाला. पहिल्या तारखेची ओढ काय असते हे आम्हां नोकरदारांस ठाऊकच आहे, म्हणून त्या माणसांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण द्राक्षमळा सुट्टीच्या दिवसाचे काम झाला आणि वरच्या मजग्या हळूहळू पडीक पडत गेल्या. मग पाहुणे आले. १९९७ मध्ये युनेस्कोने या भूभागास जागतिक वारशाच्या यादीत घेतले, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांच्या प्रचंड पावसाने मोंतेरोस्सो व वेर्नात्सा चिखल-दगडांखाली गाडली गेली. माणसे दगावली. वाटा तुटल्यामुळे वेर्नात्सातील लोकांस होड्यांतून बाहेर काढावे लागले. लोहमार्गापूर्वीची समुद्राची वाट अशी पुन्हा कामास आली. त्या दिवशी डोंगरावरून जे खाली आले त्यात पडीक मजग्यांचे दगड किती होते, हा प्रश्न वेर्नात्साची छायाचित्रे पाहताना आमच्या मनातून जात नाही.

मोटाररस्ते येथे फार उशिरा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, आणि तेही डोंगराच्या माथ्यावरून गावाच्या वरच्या अंगास टेकणारे. परक्या मोटारीला गावात प्रवेश नाही. वाहनतळ तोकडे आणि महाग. मनाई असलेल्या हद्दीत चुकून चाक गेले तर छायाचित्र टिपले जाते आणि दंडाचा कागद पुढे घरी येतो. याउलट स्थिती अमाल्फीच्या किनाऱ्यावर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बूर्बों राजांच्या अमदानीत रस्ता झाला, लोहमार्ग मात्र सालेर्नोच्या बाजूसच राहिला; म्हणून पोसितानोस जाणाऱ्याने मोटारीचा, बसचा वा बोटीचाच विचार करावा. आमच्या कोकणातही रस्ता आधी आला आणि रेल्वे १९९८ मध्ये, तीही पुष्कळदा गावापासून दूरच्या स्थानकावर.

म्हणून स्नेह्यांस आम्ही लिहिले: मोटार घ्यावयाचीच असेल तर ती लेवान्तो किंवा ला स्पेत्सिया येथे ठेवावी आणि पुढे आगगाडी धरावी. स्पेत्सियाहून रिओमाज्जोरे दहा मिनिटांच्या आत येते. पुढची गावे त्याहूनही जवळ. गैरसोयी आहेतच. उन्हाळ्यात डब्यात पाय ठेवावयास जागा नसते, समुद्र दिसला म्हणेपर्यंत बोगदा येतो, आणि 'शोपेरो' म्हणजे संप हा शब्द ओळखता आला पाहिजे. गावांच्या वर डोंगरात जी जुनी देवालये आहेत ती पाहण्यास मात्र मोटार खरोखर उपयोगी पडते. एक दिवस तिला द्यावा. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांना जोडणारी 'प्रेमाची वाट' हीदेखील मुळात लोहमार्गाच्या कामातून निघालेली पाऊलवाट. २०१२ मध्ये दरड कोसळून ती बंद झाली होती, ती २०२४ मध्ये पुन्हा उघडली.

कोर्निल्याबद्दल आम्ही खास बजावले होते: स्थानकापासून बस मिळते, पण निदान एकदा पायऱ्यांनी चढा, म्हणजे हातात एकेक गडगा जवळून पाहता येईल. पुढे त्यांचे पत्र आले. पायऱ्या वहिनींनी तीनशेपर्यंत मोजल्या, नंतर दम लागल्यामुळे हिशेब चुकला. वर एक म्हातारा पडलेला गडगा रचीत होता. त्याने हातातला दगड दाखवून काहीतरी सांगितले, ते दोघांसही कळले नाही.