मोहम्मद अली रोड : एक रस्ता, अनेक नावं

क्रॉफर्ड मार्केटपासून उत्तरेला पायधुणी, भेंडी बाजाराकडे जाणारा मोहम्मद अली रोड रमजानमध्ये सगळ्यांच्या तोंडी असतो. मिनारा मशिदीजवळचा मालपुवा, फिरनी, नळी निहारी हे सर्वांना ठाऊक. पण हे मोहम्मद अली कोण, असं घरातल्या मुलांना विचारून बघा. कुणी जिनांचं नाव घेतं, कुणी थेट बॉक्सरचं!

हा रस्ता मौलाना मोहम्मद अली जौहर यांच्या नावाचा आहे. जन्म रामपूरचा, १८७८ चा. 'कॉम्रेड' आणि 'हमदर्द' ही पत्रं त्यांनी काढली. गांधीजींबरोबर खिलाफत चळवळ चालवली, १९२० मध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. गोलमेज परिषदेसाठी गेले असताना ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. दफन जेरुसलेमला झालं.

रस्ता सरळ पुढे जातो, पण भेंडी बाजारातून जे. जे. हॉस्पिटलकडे जाताना पाटी बदलते : इब्राहिम रहिमतुल्ला रोड. हे नाव बोलण्यात फारसं येत नाही. टॅक्सीवाल्याला आपण 'भेंडी बाजार' एवढंच सांगतो.

भेंडी बाजार हे नाव इंग्रजांच्या 'बिहाइंड द बाजार'वरून आलं, असं बरेच जण सांगतात. ऐकायला मजेदार आहे. पण भेंडीच्या झाडांवरून नाव पडलं, हे जास्त पटतं. हे झाड म्हणजे भाजीची भेंडी नव्हे, किनाऱ्यावर वाढणारं मोठं झाड. शेजारीच उमरखाडी आणि चिंचबंदर आहेत, तीही नावं झाडांचीच. याच मोहल्ल्याचं नाव घेऊन भेंडी बाजार घराणं निघालं. त्यातल्या उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या.

पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. मुंबई वेगवेगळ्या बेटांची होती तेव्हा इथे भरतीचं पाणी शिरायचं. ते ओलांडून आलेली माणसं इथे पाय धूत. जवळच्या मस्जिद स्टेशनच्या नावातली 'मस्जिद' मात्र आपली नव्हे. ते १७९६ सालचं बेने इस्रायली यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, त्याला लोक 'जुनी मशीद' म्हणत.

वरून जाणाऱ्या सुमारे अडीच किलोमीटरच्या पुलाला सगळे 'जे. जे. फ्लायओव्हर' म्हणतात. त्याचं खरं नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. माहीमच्या दर्ग्यातले हे बुजुर्ग (रह.) कुरआनचे मुफस्सिर होते. पुलावरून गाड्या भर्रकन जातात आणि खालचा मोहल्ला दिसतही नाही.

भेंडी बाजारात आता साडेसोळा एकरांवर पुनर्विकास चालू आहे. जुन्या चाळी गेल्या, टॉवर उभे राहताहेत. गल्ल्यांची नावं पाटीवर टिकतील न टिकतील. घरात नाना-नानी त्या भागातले असतील तर त्यांच्याकडून ती आताच लिहून घ्या.