ग्लायकेशन : साखर, प्रथिने आणि वाढते वय

पिंपळे गुरव - येथील राजमाता जिजाऊ उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत 'तीन महिन्यांची साखर' हा शब्दप्रयोग आता नवा राहिलेला नाही. रक्ततपासणीच्या अहवालात ती 'एचबीए१सी' या नावाने येते. या आकड्यामागील रासायनिक क्रियेचे नाव 'ग्लायकेशन'. वार्धक्यविरोधी म्हणून खपविल्या जाणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींतही हाच शब्द दिसतो. मात्र त्याचा नेमका अर्थ ठाऊक नसल्याने अहवाल वाचताना गफलत होऊ शकते.

अर्थ काय?

विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय साखरेचा रेणू प्रथिनाला जाऊन चिकटणे म्हणजे ग्लायकेशन. पोळी तव्यावर भाजताना तिच्यावर तांबूस डाग पडतात, खमंग वास सुटतो. त्यामागे मुख्यतः याच जातीची अभिक्रिया असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. तव्यावर जे काही मिनिटांत घडते, ते शरीराच्या ३७ अंश तापमानात अतिशय संथपणे, पण आयुष्यभर चालू राहते.

तिचे टप्पे दोन. आरंभी साखर प्रथिनाला सैल जोडली जाते आणि मग तो बंध पक्का होतो. पुढे अनेक महिने किंवा वर्षे उलटल्यावर त्यातून गुंतागुंतीची संयुगे तयार होतात आणि शेजारचे प्रथिनधागे एकमेकांत अडकतात. या अंतिम संयुगांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की 'एज', म्हणजे वय, असाच शब्द तयार होतो.

वार्धक्याशी नाते

जी प्रथिने शरीरात दीर्घकाळ टिकतात, त्यांच्यावर हा साका अधिक साचतो. डोळ्यांच्या भिंगातील प्रथिने जवळजवळ जन्मभर बदलत नाहीत. त्वचा, सांधे आणि रक्तवाहिन्यांतील कोलॅजेनही फार सावकाश बदलते. त्यामुळे वयाबरोबर भिंग पिवळसर होते आणि रक्तवाहिन्या ताठर होतात, त्यात ग्लायकेशनचाही वाटा असतो. अमेरिकेतील व्हिन्सेंट मोनिए व अँथनी सेरामी यांनी १९८१ मध्ये ही क्रिया वार्धक्याचे एक कारण असू शकते, असे मांडले. मधुमेहात रक्तातील साखर सतत जास्त राहिल्याने हीच क्रिया वेग घेते. डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंवरील दुष्परिणामांमागे तिचा हात असतो, तो यामुळेच.

अहवालातील आकडा

हिमोग्लोबिनचे हे साखर चिकटलेले रूप मधुमेहींच्या रक्तात वाढलेले असते, हे सॅम्युएल रहबर यांनी तेहरानमध्ये १९६८ च्या सुमारास दाखविले. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. तेवढ्या काळात हिमोग्लोबिनच्या किती भागाला साखर चिकटली, याची टक्केवारी म्हणजे एचबीए१सी. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून आकडा फारसा बदलत नाही. हे प्रमाण ५.७ टक्क्यांहून कमी असल्यास सामान्य, ५.७ ते ६.४ असल्यास मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ किंवा अधिक असल्यास मधुमेह, असे निकष अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१० मध्ये स्वीकारले.

मात्र हा आकडा रक्तपेशींच्या आयुष्यावरही अवलंबून असतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झाल्यास तो प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकतो. विदर्भात व आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात पेशी लवकर नष्ट होत असल्याने तो फसवा कमी येऊ शकतो. अलीकडे रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढविले असेल, तरी हीच अडचण येते. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात, विशेषतः स्त्रियांनी, हिमोग्लोबिनची पातळी डॉक्टरांना दाखविल्याशिवाय केवळ या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. अशा वेळी उपाशीपोटीची साखर किंवा मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी उपयोगी पडते.

पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. महेश कुलकर्णी यांच्या गटाने याच विषयावर संशोधन केले. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असलेल्या मधुमेहींमध्ये इतर प्रथिनांचे ग्लायकेशन आणि एचबीए१सी अधिक असते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले.

शब्दांची गल्लत

काही अहवालांत आजही 'ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन' असे छापलेले असते. ग्लायकोसिलेशन ही विकरांच्या नियंत्रणाखाली चालणारी, शरीराला आवश्यक अशी वेगळी क्रिया आहे. त्यामुळे 'ग्लायकेटेड' हाच योग्य शब्द होय. जैवरसायनातील संज्ञा ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८० च्या दशकातच हा भेद स्पष्ट केला आहे. दुसरी गल्लत अशी, की एचबीए१सी हे शरीराचे वय मोजण्याचे माप नव्हे. तो ग्लायकेशनचा आरंभीचा टप्पा दाखवितो. वार्धक्याशी जोडली जाणारी अंतिम संयुगे निराळी आहेत.

उपाय कोणता?

गुंतलेले प्रथिनधागे सोडविणाऱ्या औषधांचे प्रयोग झाले, परंतु त्यातून नेहमीच्या वापरासाठी मान्यताप्राप्त औषध हाती आलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही, तर १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील नागरिक आहेत. त्यांच्यासाठी साखर आटोक्यात ठेवणे, नियमित व्यायाम करणे आणि तंबाखूचा धूर टाळणे हेच मार्ग खात्रीचे आहेत. साखरेचा चिकटलेला थर क्रीमने पुसला जात नाही. तो साचण्याचा वेग कमी करणे मात्र आपल्या हाती आहे.