‘दुःखाचे सौंदर्य’ आणि कोरियन मृत्पात्रे

कोरियन मृत्पात्रांचे सौंदर्य सहज, अकृत्रिम आणि करुण आहे, हे मत कलासमीक्षेत इतके रुळले की, ते कोणत्या परिस्थितीत मांडले गेले याचा विसर पडला. १९१० मध्ये कोरिया जपानी साम्राज्याचा भाग झाला. १९१९ची स्वातंत्र्यचळवळ चिरडली गेल्यावर जपानी विचारवंत यानागी मुनेयोशी यांनी कोरियाची बाजू घेतली. १९२२ साली ग्वांगह्वामुन हे राजद्वार पाडण्यास त्यांनी जाहीर विरोध केला. १९२४ साली सोलच्या राजवाड्यात कोरियन लोककलेचे संग्रहालय उभारले. त्यांची आस्था निःसंशय होती. परंतु त्याच आस्थेपोटी त्यांनी पात्रांच्या शुभ्रतेत शोक आणि त्यांच्या रेषेत सतत आक्रमणे सोसणाऱ्या समाजाचे दुःख वाचले.

इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. गोर्यो काळातील हिरव्या झिलईची पात्रे हे कमालीच्या नियंत्रित तंत्राचे फळ होते. ११२३ साली आलेला चिनी राजदूत श्यू जिंग याने त्या रंगाची आवर्जून नोंद केली. पुढे बाराव्या शतकात ओल्या मातीत नक्षी कोरून, तीत पांढरी व काळी होणारी माती भरण्याचे तंत्र बहराला आले. जोसॉन काळातील शुभ्र पात्रांमागे कन्फ्यूशियन दरबाराची संयमी अभिरुची होती. १४८५च्या विधिसंहितेत राजपाकगृहाच्या खात्याकडे ३८० कुंभार नेमलेले दिसतात. शुभ्रता येथे शोकाची खूण नसून शासनसंस्थेने जोपासलेले मूल्य ठरते. अठराव्या शतकातील गोल रांजणांचा किंचित तोल सुटलेला आकारही भावावस्थेतून आलेला नाही. दोन अर्धगोल चाकावर वेगवेगळे घडवून मध्ये सांधण्याच्या पद्धतीतून तो येतो.

जपानी चहाविधीत पूज्य ठरलेला ‘किझाएमोन’ हा कोरियन वाडगा यानागींनी निरहंकारी, अनाम कारागिराच्या सौंदर्याचा नमुना मानला. १५९२ ते १५९८च्या स्वाऱ्यांत जपानी सरदारांनी कोरियन कुंभार पकडून नेले, आणि जपानी पोर्सेलिनच्या आरंभाचे श्रेय परंपरा त्यांच्यापैकीच यी साम-प्यॉंग यांना देते. हे ध्यानात घेता, अनामता हा कारागिराचा स्वभाव मानायचा की सत्तेने पुसलेल्या नावांचा परिणाम, हा प्रश्न टाळता येत नाही.

कोरियन कलेतिहासकार को यू-सोप (१९०५–१९४४) यांनी या कलेला ‘कौशल्यविरहित कौशल्य’ म्हटले. या विरोधाभासात यानागींचा शब्द आहे, पण त्याबरोबर ‘कौशल्य’ही परत आले आहे. १९७०च्या दशकात कोरियन समीक्षकांनी ‘दुःखाचे सौंदर्य’ ही वसाहतवादी दृष्टी म्हणून नाकारली. तथापि केवळ नकाराने प्रश्न मिटत नाही. कारण याच दृष्टीने कित्येक पात्रे उपेक्षेतून वाचवली. सहानुभूतीदेखील एखाद्या समाजाला त्याच्या निर्मितीच्या कर्तेपणापासून वंचित करू शकते, हा या वादाने सौंदर्यमीमांसेला दिलेला धडा आहे. म्हणून दुःखाची भाषा बाजूला ठेवून माती, भट्टी आणि आश्रयदाते यांच्या इतिहासातून या पात्रांचा आस्वाद घेणे, हे समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते.