प्रतिकृतीची तक्तपोशी

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या आरमारासाठी ज्या युद्धनौकांच्या प्रतिकृती घडल्या, आणि ज्यांचा मोठा संग्रह आज ग्रीनिचच्या सागरी वस्तुसंग्रहालयात जतन केलेला आहे, त्यांपैकी अनेकींच्या डेकवर फळ्या हेतुपुरस्सर अर्धवटच बसविलेल्या दिसतात. कारण फुटास पाव इंच या प्रमाणात घडविलेल्या त्या नौकांचे खरे सौंदर्य, माझ्या मते, आच्छादनात नसून आतील तुळयांच्या शिस्तबद्ध रांगांत आहे.

संपूर्ण तक्तपोशी करू म्हणणाऱ्याची कसोटी निराळी. प्रत्यक्ष जहाजावर दोन फळ्यांमधील सांध्यात जुन्या दोरखंडांचे तंतू ठासून वर तापलेले डांबर ओतीत. ती काळी रेघ हाच डेकचा प्राण. परंतु दहा इंची फळी या प्रमाणात जेमतेम पाच मिलिमीटर उरते, तेव्हा फळीची कड शिसपेन्सिलीने काळी करून किंवा मध्ये काळ्या कागदाची पट्टी चिकटवून ती रेघ साधावी लागते. खलाशी गुडघ्यांवर बसून वालुकाश्माने डेक घाशीत, त्यामुळे लाकूड फिकट पडे. म्हणून चकचकीत व्हार्निश चढविलेली तक्तपोशी मला सर्वथैव असत्य वाटते. काचकागदाचा हलका हात आणि तेलाचा पातळ लेप पुरे.

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. तिची प्रतिकृती करणाऱ्याने प्रथम तिच्या डेकवरून एकदा चालून यावे.