दोरी ओढून टिपलेली तसबीर

दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात माणसाची तसबीर उतरविणे हे किती देहदंडाचे काम होते, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी १९११ साली केप इव्हान्स येथे कॅप्टन स्कॉट यांच्या ध्रुवमोहिमेच्या तुकडीने उभारलेल्या लाकडी झोपडीची हकीकत वाचावी. मोहिमेचे छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग यांची अंधारखोली त्या झोपडीतच होती, आणि ते निजतही तिथेच. उघडे बोट कॅमेऱ्याच्या धातूला लागले की कातडी भाजल्यासारखी होई, भिंगावर पडलेल्या श्वासाचे तत्क्षणी बर्फ होई, आणि एकदा तर त्यांच्या जिभेचे टोकच धातूला चिकटून बसले. समोर उभे राहणाऱ्यांचेही हाल कमी नव्हते. थंडीत ताटकळण्याच्या या शिक्षेसाठी सोबत्यांनी पाँटिंग यांच्या आडनावापासून एक क्रियापदच घडविले होते.

तरीही त्यांच्या सर्व भव्य हिमदृश्यांहून मला थोर वाटते ते झोपडीच्या आत घेतलेले एक चित्र. मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे ऐन ध्रुवीय रात्रीत, उणे ७० अंश फॅरनहाइटच्याही खाली उतरणाऱ्या थंडीत, एम्परर पेंग्विनची अंडी आणावयास गेले आणि पाच आठवड्यांनी, १ ऑगस्ट १९११ रोजी परतले. ते मेजाशी बसून खात असतानाच पाँटिंग यांनी त्यांना टिपले. पेले धरलेले हात, काळवंडलेले चेहरे आणि अजून झोपडीत न पोहोचलेली ती नजर! तिथे कोणी कोणाला कसे बसावे हे सांगितले नसावे.

त्या तिघांतील बॉवर्स हे रॉयल इंडियन मरीन या हिंदुस्थान सरकारच्या आरमारी खात्यातून मोहिमेवर आले होते. छायाचित्रणाचे धडे त्यांनी पाँटिंग यांच्याकडूनच घेतले. पुढे १८ जानेवारी १९१२ रोजी, नॉर्वेचे अमुंडसेन महिनाभर आधीच येऊन गेल्याचे दुःख उराशी घेऊन स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांच्यासह पाच जण ध्रुवावर कॅमेऱ्यासमोर जमले, तेव्हा तसबीर काढावयास सहावा माणूस नव्हता. म्हणून खाली बसलेल्या बॉवर्सनी हातातली दोरी ओढून सर्वांना, आणि स्वतःलाही, टिपले.

ती फिल्म १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला परतीच्या वाटेवरील तंबूत, स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स यांच्या मृतदेहांजवळ सापडली. केप इव्हान्सच्या तळावर ती धुतली, तेव्हा पाचही चेहरे स्वच्छ उमटले. त्या पाचांपैकी एकही त्या वेळी हयात नव्हता.